फलकावर तारीख टाका!

ताडोबाची सफारी करायची असेल तर सगळं घरबसल्या कळतं. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, कोणत्या गेटवर जागा आहे, मंगळवारी जंगल बंद, पावसाळ्यात कोअर बंद. माया वाघीण दिसेनाशी झाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांनाही तिचा टी-१२ हा नंबर पाठ होता. पर्यटकाशी बोलण्यात ताडोबा पहिल्या श्रेणीत पास आहे, हे मान्यच.

आता याच जंगलाला लागून असलेल्या गावात या. इथं माहिती म्हणजे रस्त्याच्या कडेचा एक फलक. 'सावधान! या परिसरात वाघाचा वावर आहे.' वाघ काल दिसला की तीन वर्षांपूर्वी? नाल्याकडे की तळ्याकडे? काहीच लिहिलेलं नसतं. बारा महिने तोच फलक, रंग उडेपर्यंत. रोज बघून लोकांना तो दिसेनासाच होतो. मोहफुलं वेचायला जाणारी बाई त्याच्याच बाजूने जाते, आणि काही विपरीत घडलं की 'सूचना दिली होती' हे उत्तर तयार असतं.

तारीख आणि ठिकाण नसेल तर त्या सूचनेचा गावाला उपयोग काय? ती फाईलसाठीच असते.

२०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ते जंगल ताडोबाचं नाही, प्रादेशिक वनविभागाचं. पण वाघ हद्द पाहून चालत नाही, आणि तेंदू-मोहाचा हंगाम सगळीकडे सारखाच. माणूस गेल्यावर सरकार २५ लाख देतं. द्यायलाच पाहिजे. पण आदल्या संध्याकाळची एक दवंडी त्याहून कितीतरी स्वस्त आहे.

कोणी म्हणेल, व्हॉट्सॲप ग्रुप आहेत ना. आहेत, पण पहाटे पाचला टोपली घेऊन निघणाऱ्या किती बायकांच्या हातात मोबाईल असतो? शिवाय निरोपात येतो 'कक्ष क्रमांक' अमुक. कक्ष क्रमांक वनरक्षकाला कळतो. गावाला नाल्याचं, बोडीचं, टेकडीचं नाव कळतं. त्या नावानं सांगा.

करता येत नाही असंही नाही. मोहर्लीजवळच्या सीतारामपेठला कॅमेरे बसवले, वाघ गावाजवळ आला की इशारा मिळतो. बफरमधल्या गावांत तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दलं आहेत, ती पोरं जीव धोक्यात घालून काम करतात. १९२६ ही हेल्पलाईनही आहे. पण नंबर गावाने फिरवायचा आणि माहिती गावाने द्यायची. तिकडून गावाकडे काय येतं?

वनविभागाची एक अडचण खरी आहे. वाघाचा ठावठिकाणा जाहीर केला की रील बनवणारे धावतात, शिकाऱ्यालाही आयतं मिळतं. म्हणून जगाला सांगू नका, गावाला सांगा. तसंही कोणता वाघ कुठं बसलाय हे जिप्सीवाल्यांना सकाळी आठलाच माहीत असतं. मग त्याच वाघाची खबर धानाच्या बांधीत उतरणाऱ्या माणसाला का नको? दुसरी अडचण माणसं कमी असल्याची. पण ग्रामपंचायतीचा भोंगा वाजवायला नवी भरती लागत नाही.

वन्यजीव कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली. बफरच्या हद्दी ग्रामसभेशी सल्लामसलत करून ठरवायच्या, असं त्यात लिहिलंय. म्हणजे गावाशी बोलणं ही वनविभागाची मेहरबानी नाही.

मागण्या साध्या आहेत. प्रत्येक फलकावर वाघ शेवटचा कधी आणि कुठं दिसला ते खडूने लिहा, आठवड्याला पुसून नवं लिहा. मोहफुलं आणि तेंदूच्या हंगामात रोज संध्याकाळी दवंडी द्या. वर्षातून दोनदा ग्रामसभेत अधिकाऱ्यांनी येऊन बसावं, भाषण कमी करावं आणि ऐकावं जास्त.

यात वाघाचंही भलं आहे. गावाचा विश्वास उडाला की राग आधी वनरक्षकावर निघतो, मग वाघावर. ताडोबा टिकवायचा असेल तर ज्यांच्या भरवशावर तो टिकलाय त्यांच्याशी बोला.

मंडळी, तुमच्या गावच्या फलकावर तारीख आहे का? बघा आणि फोटो टाका. सगळे गोळा करून साहेबांच्या टेबलावर ठेवू.