उरलेल्या खणाचा परकर

मंचरच्या बाजारपेठेत मी तीस वर्षं शिलाई मशीन चालवते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, मार्केट यार्डातल्या हमालांच्या उसवलेल्या पँटीसुद्धा.

दिवाळीआधी सातगाव पठारावरची एक बाई दोन्ही लेकरं घेऊन आली. आठ वर्षांच्या मुलीला खणाचा परकर-पोलका, पाच वर्षांच्या मुलाला शर्ट-पँट. मुलीचं माप झालं, तसं पोरानं खणाचं कापड घट्ट धरलं. ‘‘मला पण हाच. घेराचा.’’ आईनं आधी दाराबाहेर पाहिलं, कुणी ऐकलं का. मग त्याच्या पाठीत धपाटा घातला. ‘‘बायकी कुठला!’’

धपाटा पोराला बसला, शब्द मला लागला. मुलीनं जीन्स मागितली असती तर हीच आई कौतुकानं म्हणाली असती, ‘‘आमची पोरगी म्हणजे पोरगाच.’’ पोरीनं पँट घातली की ती वर चढते, पोरानं परकर घातला की खाली उतरतो. खालची पायरी कुणाची, ते सांगायला नको. मोर्चात साहेबाला लाजवायचं तर बांगड्यांचा आहेर करतात, आणि तो द्यायला पुढं बायकाच! माझ्या दोन्ही हातांत बांगड्या आहेत. त्याच हातांनी मी दोन पोरं शिकवली.

पुरुषाच्या अंगावर बाईचं कापड आपल्याला नवं का आहे? चैत्रात जत्रा सुरू झाल्या की आमच्या भागात नारायणगावचे फड येतात. गवळणीतली मावशी बाप्याच असतो. तो पदर सावरत आला की गाव शिट्ट्या मारतो. मरीआईचा पोतराज कमरेला रंगीत घागरा बांधून दारात येतो, त्याला आपण सुपातून दाणे घालतो. बालगंधर्वांचं पाहून तर पुण्या-मुंबईच्या बायका साडी नेसायला शिकल्या. पण टाळ्या वाजवणारे सगळेच भले नसतात. सिनेमात नाच्या रंगवणारे गणपत पाटील संसारी गृहस्थ. पडद्यावरचा शिक्का लोकांनी त्यांच्या घरापर्यंत नेला.

म्हणून त्या आईची भीती मला खोटी वाटत नाही. पोरं चिडवतील, भावकी बोलेल. पण मग कान चिडवणाऱ्याचा धरावा, की आपल्याच लेकराला धपाटा घालावा? परकरानं पोरगं बिघडतं, हे तर मुळीच पटत नाही. आजीच्या काळी मुलं जगत नसली की पोराचं नाक टोचायचे, नाव नथू ठेवायचे. ते नथू पुढं औत हाकत म्हातारे झाले. आणि एखादा वेगळा निघालाच, तर तो परकरामुळं निघत नाही आणि धपाट्यानं बदलत नाही.

मी एक आगाऊपणा केला. उरलेल्या खणातून त्याच्या मापाचा परकर शिवला. नाडीऐवजी इलॅस्टिक घातलं, कारण पाच वर्षांच्या पोराला नाडीची गाठ सुटत नाही. एक खिसाही लावला.

कपडे न्यायला बाप आला, मोटारसायकल चालूच ठेवून. पिशवीतून त्यानं तो छोटा परकर वर काढला. ‘‘हा कुणाचा?’’

‘‘तुमच्या मुलाचा. त्याचे पैसे नकोत.’’

तो काही बोलला नाही. रस्त्याकडं एकदा पाहिलं, परकराची नीट घडी घातली आणि पिशवीच्या तळाशी, शर्टाच्या खाली सरकवली.