शून्याचा हिशेब

शेअर बाजारातला विश्लेषक राजकारणात आला की करांचे गणित आणि गुंतवणुकीची भाषा ऐकायची आपण तयारी ठेवतो. फिलिपाइन्सचे जोई साल्सेडा यांनी दोन्ही गोष्टी भरपूर ऐकवल्या. पण अर्थकारणाच्या या स्तंभात आज त्यांना आणले ते त्यासाठी नाही. गव्हर्नर म्हणून त्यांनी आपल्या आल्बाय प्रांतासाठी एक आकडा जाहीर केला आणि स्वतःला त्याच्याशी बांधून घेतले. वादळ येवो की ज्वालामुखी फुटो, मृतांची संख्या शून्य!

हे धाडस किती मोठे, ते आल्बाय पाहिल्याशिवाय कळत नाही. लुझोन बेटाच्या आग्नेय भागातला हा नारळाचा आणि अबाकाच्या धाग्याचा प्रांत. मधोमध २,४६२ मीटर उंचीचा मायोन, देशातला सर्वांत जागता ज्वालामुखी. १८१४ च्या उद्रेकात काग्सावा गाव गाडले गेले आणि सुमारे १,२०० माणसे मेली. चर्चचा मनोरा तेवढा उरला. आज पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात. प्रशांत महासागरातून येणारी वादळेही याच वाटेने देशात शिरतात.

साल्सेडा याच प्रांतातल्या पोलांगीचे, जन्म १९६१. मनिलाच्या आतेनेओ विद्यापीठात शिक्षण, मग एमबीए, मग परदेशी दलाली पेढ्यांमध्ये शेअर विश्लेषकाची नोकरी. १९९८ मध्ये ते प्रतिनिधिगृहात पोहोचले; पुढे अध्यक्ष ग्लोरिया अरोयो यांचे आर्थिक सल्लागारही झाले. तिकडे खासदार आणि गव्हर्नर या दोन्ही पदांची मुदत तीन वर्षांची, आणि सलग तीनच मुदती मिळतात. साल्सेडांनी त्या मोजून घेतल्या: २००७ पर्यंत खासदार, २०१६ पर्यंत गव्हर्नर, २०२५ पर्यंत पुन्हा खासदार.

ते गव्हर्नर झाले तेव्हा प्रांत शोकात होता. २००६ च्या पावसाळ्यात मायोनने उतारांवर राखेचे आणि दगडगोट्यांचे ढीग टाकून ठेवले होते. ३० नोव्हेंबरला ‘रेमिंग’ वादळ आले. लेगास्पीत चोवीस तासांत ४६६ मिलिमीटर पाऊस पडला आणि ते सगळे साहित्य चिखलाचा लोंढा होऊन खाली उतरले. गिनोबातान, दारागा आणि लेगास्पीजवळच्या पादांगमधल्या वस्त्या त्याखाली गेल्या. बळी शेकड्यांनी मोजावे लागले.

अशा वेळी बहुतेक नेते मदतीचे ट्रक रवाना करतात आणि पुढच्या वादळाची वाट पाहतात. विश्लेषकाची सवय वेगळी: तोटा व्हायच्या आधीच त्याची किंमत काढायची. प्रांतात ‘आप्सेमो’ हे आपत्ती व्यवस्थापनाचे कार्यालय आणि त्याचे जाणते प्रमुख सेड्रिक डाएप साल्सेडांच्या कितीतरी आधीपासून काम करत होते. यंत्रणा आपणच उभारली, असे साल्सेडांना म्हणता येणार नाही. त्यांनी तिच्यामागे पैसा आणि राजकीय वजन उभे केले, आणि शून्याचे उद्दिष्ट लावून तिचे यशापयश कोणालाही तपासता येईल असे करून टाकले.

खरी परीक्षा खर्चाची असते. माणसे हलवायची म्हणजे शाळा छावणीला द्यायच्या, मुलांचे वर्ग बुडवायचे. रोज तांदूळ, पाणी, औषधे आणि शौचालये पुरवायची. हा सगळा खर्च वहीत दिसतो. वाचलेला माणूस कुठल्याच वहीत दिसत नाही. डिसेंबर २००९ मध्ये मायोन तापला तेव्हा सुमारे पन्नास हजार लोक नाताळात छावण्यांत होते. सप्टेंबर २०१४ मध्ये पुन्हा तितकीच माणसे हलवली गेली, आठवड्यांमागून आठवडे गेले आणि मोठा स्फोट काही झाला नाही. मते मागणाऱ्याला ही गोष्ट किती महाग पडते ते कोणत्याही आमदाराला विचारा.

छावणीतला तांदूळ म्हणजे दानधर्म नव्हे. २ फेब्रुवारी १९९३ रोजी मायोनच्या तप्त लोटात सत्तरच्या वर माणसे मेली, त्यांतले बहुतेक बोंगा घळीत भाजीपाल्याच्या शेतात काम करणारे शेतकरी होते. धोका माहीत असूनही माणूस डोंगराकडे जातो, कारण पीक तिथे असते आणि चूल इथे. छावणीत पोटाला मिळाले तरच तो थांबतो.

नियमही उलटे होते. स्थानिक संस्थांनी उत्पन्नाचे पाच टक्के आपत्तीसाठी राखायचे, पण हा पैसा मुख्यतः संकट जाहीर झाल्यावरच हाती यायचा. २०१० च्या राष्ट्रीय कायद्याने त्यातले तीस टक्केच तातडीच्या मदतीला ठेवले. बाकीचे आधीच्या तयारीवर खर्च करायला मोकळीक दिली. आल्बाय त्याच वाटेवर होता. जुलै २०१४ मध्ये ‘ग्लेंडा’ वादळ प्रांतावरून गेले, घरे आणि विजेचे खांब आडवे झाले, पण प्रांतात एकही बळी गेला नाही. त्याआधीच, २०१३ मध्ये, साल्सेडा हरित हवामान निधीच्या मंडळाचे सहअध्यक्ष झाले होते.

मात्र शून्य कायम टिकले नाही. ७ मे २०१३ रोजी मायोनने अचानक वाफ आणि दगड फेकले आणि पाच गिर्यारोहक मारले गेले. सूचनेची पातळी तेव्हा सर्वांत खालची होती. डोंगराने यंत्रणेला विचारले नाही.

आणखी एक बाजू आहे, आणि अर्थतज्ज्ञ गव्हर्नरला ती कळत नव्हती असे मानता येत नाही. मायोन हा आल्बायच्या उत्पन्नाचा स्रोतही आहे. उतारावरची वाळू आणि खडी बांधकामाला जाते. स्थानिक शासन कायद्यानुसार त्यावर प्रांत दहा टक्क्यांपर्यंत कर लावतो. त्याचे तीस टक्के प्रांताला, तीस नगरपालिकेला आणि चाळीस बारांगायला, म्हणजे गावाला. खाणीचे परवाने गव्हर्नरच्या सहीने निघतात. साल्सेडा गव्हर्नरपदावरून उतरल्यावर, १ नोव्हेंबर २०२० रोजी ‘रोली’ वादळात गिनोबातानमध्ये पुन्हा घरे गाडली गेली आणि माणसे मेली. गावकऱ्यांनी बोट खाणींकडे दाखवले आणि केंद्राच्या पर्यावरण खात्याने तिथल्या खाणकामाला स्थगिती दिली. ज्या खजिन्यातून छावणीतला तांदूळ येतो, त्याच खजिन्यात खाणीचा करही जमा होतो.

संसदेत परतलेल्या साल्सेडांनी २०१९ पासून कर समिती सांभाळली. कंपनी कर तीस टक्क्यांवरून पंचवीसवर आणणारा २०२१ चा कायदा त्यांच्याच समितीतून पुढे गेला. मनिलातले अर्थतज्ज्ञ त्यांना त्यासाठी लक्षात ठेवतील. माझ्या लेखी त्यांचे मोठे काम प्रांतातले आहे, आणि ते अपुरे आहे. माणसे हलवण्याचा खर्च त्यांनी राजकारणाला पचवायला लावला. डोंगर पोखरण्याची किंमत मात्र प्रांताच्या हिशेबात आली नाही. जो गव्हर्नर शून्याचे वचन देतो, त्याच्याकडे खाणपरवान्यांची यादीही त्याच दिवशी मागितली पाहिजे.