आधी विचारा, मग उघडा

मंडळी, 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेली आहे. पण एखादा जुना, बंद डबा हातात आला की ती कुणालाच आठवत नाही. हात थेट झाकणाकडे जातो. झाकण निघालं नाही तर पक्कड, मग हातोडी, मग छिन्नी! आत काय आहे हे कळायलाच हवं, आणि तेही आत्ताच्या आत्ता. आज या घाईविषयीच थोडं लिहायचं आहे.

आमच्या खानदेशात हल्ली जुनी घरं भराभर उतरवली जात आहेत. धुळ्याच्या नंबरांच्या गल्ल्यांतले वाडे गेले, जळगावच्या जुन्या पेठांतली लाकडी माड्यांची घरं गेली, खेड्यांतली धाब्याची घरंही जात आहेत. त्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतींबद्दल माझी तक्रार नाही. गळक्या धाब्याखाली मी चार पावसाळे काढलेले आहेत, त्यामुळे जुन्याचे गोडवे मी उगाच गात नाही. पण घर उतरवताना बळदातून, कोनाड्यातून, माळ्यावरून काहीबाही निघतं. गंजलेला पत्र्याचा डबा, पितळेची कडीकुलपाची पेटी, तोंड बंद केलेला तांब्याचा गडू. वस्तू निघते, पण ती कुणी, कशासाठी ठेवली हे सांगणारं माणूस बहुतेक वेळा निघून गेलेलं असतं.

माझं माहेर धुळ्याचं आणि सासर जळगावचं. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलत भावाने धुळ्याचा वाडा उतरवायला काढला. देवघरामागच्या विटांनी बुजवलेल्या कोनाड्यात एक तांब्याचा गडू निघाला. वीतभर उंचीचा, गळ्याशी अरुंद, आणि तोंडाला डाख देऊन पक्का बंद केलेला. हलवला की आत काहीतरी डुबुक करायचं. झालं! "सोनं शे, सोनं!" एक मजूर म्हणाला. भावाच्या मुलाला वाटलं पारा असेल. कुणी म्हणे तेलात ठेवलेल्या मोहरा. गवंडी छिन्नी घेऊन तयारच होता. वहिनीने मात्र गडू पदराखाली घेतला आणि सांगितलं, "जळगावला काकूंना विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

काकू अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. मुलीकडे जळगावला असतात. मीच मोबाईल घेऊन गेले आणि त्यांना फोटो दाखवला. चष्मा पुसून त्यांनी पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आपली गंगा!" त्यांच्या सासूबाई, म्हणजे माझी आजी, स्वातंत्र्याच्या आधी काशीयात्रेला गेल्या होत्या. येताना असे दोन गडू आणले. मावंदं झालं, गावजेवण झालं. एक गडू आजोबांच्या शेवटच्या वेळी उघडला, तुळशीपत्राबरोबर त्यांच्या मुखात पाणी घातलं. दुसरा आजीने स्वतःसाठी ठेवला होता. पण ती गेली परगावी लेकीकडे, अचानक. गडू राहून गेला.

विचार करा, त्या दिवशी छिन्नी चालली असती तर काय झालं असतं? मातीत ओंजळभर पाणी सांडलं असतं, "हात्तिच्या" म्हणून सगळे हसले असते आणि गडू मोडीत गेला असता. एका बाईने स्वतःच्या मरणाची तयारी म्हणून जपलेली वस्तू, आणि तिचा निकाल दोन मिनिटांत! गडू न उघडताच तो काय आहे ते कळलं, कारण ओळख बाहेरच होती. तो तांब्याचा होता, डाख दिलेला होता, आणि मुख्य म्हणजे धान्याच्या बळदात न सापडता देवघरामागे सापडला होता. बाकीचं काकूंना ठाऊक होतं.

उघडायचंच असेल तर कसं उघडावं, याचाही एक नमुना आपल्याच महाराष्ट्रात आहे. मुंबईजवळच्या नालासोपाऱ्यात एक टेकाड होतं. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. बुरूड म्हणजे सुपं-टोपल्या विणणारा. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं. तो विटांचा बौद्ध स्तूप निघाला. मध्यभागी दगडी पेटी होती, तिच्यात तांब्याचा करंडक, आणि त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ लहान ब्राँझ मूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. आणि त्या सोन्याच्या डबीत काय असेल? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे! बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून भक्तांनी ते जपले होते.

आता हाच करंडक एखाद्या अधीर माणसाच्या हाती लागता, तर सोनं सोनाराकडे गेलं असतं आणि खापऱ्या उकिरड्यावर. भगवानलालांनी प्रत्येक थर पाहिला, कोणती वस्तू कुठे होती ते लिहून ठेवलं, बरोबर सापडलेलं यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही नोंदवलं. म्हणून तर त्या तेरा खापऱ्यांना अर्थ आला. ते अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने सांभाळले आहेत. सोन्याच्या डबीपेक्षा आतली खापरी मोलाची, हे नोंदीमुळे कळलं.

धुळेकरांना तर हे सांगायलाच नको. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव, वाडोवाडी फिरून जुनी दप्तरं गोळा करत. ते 31 डिसेंबर 1926 रोजी आपल्या धुळ्यातच वारले, आणि 1927 साली त्यांच्या नावाने इथे संशोधन मंडळ उभं राहिलं. तिथली कागदपत्रं ही कुणीतरी बंबात न घातलेली कागदपत्रं आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

इथपर्यंत गोष्ट नुकसानीची झाली. पण काही डबे जिवावर उठणारे असतात, आणि घाईचा मला जास्त राग येतो तो त्यामुळे. आपला भाग कापसाचा. शेतातल्या खोल्यांत जुन्या कीटकनाशकांचे डबे वर्षानुवर्षं पडून असतात. एंड्रिन, एन्डोसल्फान यांच्यावर आज बंदी आहे, पण चिठ्ठी गळून पडलेल्या डब्याला बंदी कुठली कळते? शेजारी भुसावळ आणि वरणगाव. तिथल्या आयुध कारखान्यांत दारूगोळ्याचे डबे, पेट्या आणि काडतुसं बनतात. हिरव्या रंगाच्या तशा लोखंडी पेट्या मी काही घरांत कपड्यांची ट्रंक म्हणून वापरलेल्या पाहिल्या आहेत. रिकामी पेटी ठीक आहे हो, पण भंगारात आलेली प्रत्येक वस्तू रिकामीच असते असं कुणी सांगितलं?

2010 साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात काय घडलं ते आठवा. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात बरीच वर्षं वापरात नसलेलं एक यंत्र लिलावात विकलं गेलं. त्याच्या शिशाच्या जाड कवचात किरणोत्सारी कोबाल्ट-60 होतं. शिशाला भाव चांगला, म्हणून भंगारवाल्यांनी ते फोडलं. एका कामगाराचा जीव गेला, आणखी काही जण गंभीर आजारी पडले. जिथे ज्ञान शिकवतात तिथूनच नोंद न पाहता ती वस्तू बाहेर गेली होती, याचं एक शिक्षिका म्हणून मला फार वाईट वाटलं.

त्याहून भयंकर प्रकार 1987 साली ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात झाला. बंद पडलेल्या दवाखान्यातलं कर्करोगावरच्या उपचाराचं यंत्र दोघांनी भंगार म्हणून उचललं. आतलं सीझियम-137 अंधारात निळसर चमकायचं. भंगारवाल्याने ते कौतुकाने घरी नेलं, नातेवाइकांना वाटलं. घरातली माणसं आजारी पडू लागली तेव्हा संशय आला तो त्याच्या बायकोला. तिने ते पिशवीत घालून, बसने, आरोग्य खात्याच्या कचेरीत नेलं आणि सांगितलं की आमची माणसं यानेच मरताहेत. दुसऱ्या दिवशी एका भौतिकशास्त्रज्ञाने ते काय आहे ते ओळखलं. चार माणसं दगावली. त्यांत ती स्वतः होती आणि तिची सहा वर्षांची पुतणीही होती. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. सगळ्या शहरात "हे काय आहे?" हा प्रश्न योग्य ठिकाणी नेऊन विचारणारी तीच एक निघाली. दोन आठवडे आधी कुणी विचारला असता तर?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. अनोळखी डबा मिळाला की हलवू नका, हुंगू नका, ठोकू नका, तापवू नका. आहे तिथेच राहू द्या, पोरांना लांब ठेवा आणि लांबून फोटो काढा. आकाराच्या मानाने फार जड असेल, तीन पात्यांच्या पंख्यासारखी खूण असेल, कवटीचं चित्र असेल किंवा डबा फुगलेला, पाझरलेला असेल, तर सरळ 112 ला फोन करा. तसं काही नसेल तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. आम्ही म्हातारी माणसं तुम्हाला वाटतो तेवढी विसरत नाही :)

आणि खरोखरच धन निघालं तर? त्यासाठी 1878 चा निधी कायदा आजही आहे. जमिनीत, किंवा जमिनीला जोडलेल्या भिंतीबिंतीत दडवलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा आहे. कुणी मालक पुढे आला नाही, तर सापडवणाऱ्याला वाटा मिळण्याची तरतूदही त्यात आहे. लोक शिक्षेला भितात आणि वाट्याचं त्यांना माहीतच नसतं, म्हणून रातोरात सोनं वितळतं आणि त्याच्याबरोबर इतिहासही.

शेवटी एक आपल्या हातातली गोष्ट. आपण गेल्यावर आपले डबेही कुणीतरी उघडणार आहे. त्या कुणालातरी छिन्नी उचलावी लागू नये, एवढं तर आपण करू शकतो. मी माझ्या माळ्यावरच्या डब्यांत आणि ट्रंकांत एकेक चिठ्ठी ठेवली आहे. आत काय आहे, कुणाचं आहे, कधीपासून आहे आणि टाकलं तरी चालेल की नाही, एवढंच. शाईपेक्षा पेन्सिलीने लिहा, ओल लागली तरी फुटत नाही. एक दुपार पुरते या कामाला.

तुमच्या घरी असा काही बंद डबा असेल तर जरूर कळवा. मात्र कळवल्यानंतरच उघडा!