मैदान सांभाळणाऱ्यांना जगण्यापुरता पगार: फुटबॉल क्लबना तो परवडतो का?

४ ऑगस्ट २०२५ रोजी बेंगळुरू एफसीनं एक निवेदन काढलं. पहिल्या संघाच्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचं त्यात म्हटलं होतं. चेन्नईयिननंही पहिल्या संघाचं कामकाज थांबवलं. ओडिशा एफसीनं खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे करार स्थगित केले. कारण एकच होतं. इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल चालवण्याचा भारतीय फुटबॉल महासंघाचा १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता आणि पुढचा ठरत नव्हता.

सोशल मीडियावर चर्चा झाली ती सुनील छेत्रीची, राष्ट्रीय संघाची आणि लीगच्या भवितव्याची. निवेदनातल्या 'कर्मचारी' या शब्दावर फारसं कुणी थांबलं नाही. क्लबमध्ये खेळाडू पंचवीस-तीस असतात. त्यांच्या मागे किट सांभाळणारा, मसाज करणारा, बसचा ड्रायव्हर, आचारी, गवत कापणारा माळी, तिकीट खिडकीवरचा माणूस, गेटवरचा सुरक्षारक्षक आणि मॅच संपल्यावर स्टँड झाडणाऱ्या बायका असतात. लीग शेवटी फेब्रुवारी २०२६ मध्ये सुरू झाली. या लोकांना पगार किती मिळावा, हा प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहिला.

हा प्रश्न आला कुठून?

इंग्लंडमधून. लंडनच्या पूर्व भागात २००१ मध्ये नागरिक संघटनांनी 'लिव्हिंग वेज'ची मोहीम सुरू केली. कायद्यानं ठरवलेलं किमान वेतन वेगळं आणि त्या शहरात घरभाडं, जेवण, मुलांचा खर्च भागवून जगता येईल एवढं वेतन वेगळं, हा तिचा मुद्दा होता. तिथे आता हा आकडा दरवर्षी जाहीर होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो ताशी १३.४५ पौंड आणि लंडनसाठी १४.८० पौंड ठरला. सरकारचं सक्तीचं किमान वेतन एप्रिल २०२६ पासून १२.७१ पौंड आहे. मधला फरक कंपनीनं स्वतःहून द्यायचा असतो.

फुटबॉल क्लब या मोहिमेच्या रडारवर येणं साहजिक होतं. एका खेळाडूची आठवड्याची कमाई त्याच मैदानावरच्या सफाई कामगाराच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढी असते. डिसेंबर २०१४ मध्ये चेल्सी हा अशी मान्यता घेणारा प्रीमियर लीगमधला पहिला क्लब ठरला. २०१५ च्या फेब्रुवारीत प्रीमियर लीगनं टीव्ही हक्क पाच अब्ज पौंडांहून जास्त किमतीला विकले. पुढच्याच महिन्यात लीगनं जाहीर केलं की सगळे क्लब २०१६-१७ च्या हंगामापासून पूर्णवेळ कर्मचाऱ्यांना लिव्हिंग वेज देतील.

मेख 'पूर्णवेळ' या शब्दात होती. मॅचच्या दिवशी मैदानावर दिसणारे बहुतेक लोक ना पूर्णवेळ असतात, ना क्लबच्या पगारपत्रकावर. ते केटरिंग कंपनीचे, सफाई कंपनीचे, सुरक्षा एजन्सीचे असतात. म्हणजे ज्यांच्यासाठी मोहीम सुरू झाली, तेच घोषणेतून निसटले. भारतातही हा प्रश्न याच जागी अडकतो.

भारतात 'जगण्यापुरतं वेतन' म्हणजे किती?

राज्यघटनेच्या कलम ४३ मध्ये 'निर्वाह वेतन' हा शब्द आहे. पण हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत येतं, त्यामुळे त्यावर बोट ठेवून कोर्टातून रक्कम वसूल करता येत नाही. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेनं हिशेबाची पद्धत घालून दिली: कामगाराचं कुटुंब तीन जणांच्या खाण्याएवढं धरायचं, माणशी २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडं, इंधन-दिवाबत्ती. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टानं रेप्टाकोस ब्रेट खटल्यात त्यावर शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितलं. लक्षात घ्या, हा सगळा हिशेब किमान वेतनाचा आहे. निर्वाह वेतन त्याच्याही वर.

आता प्रत्यक्षातले आकडे बघू. २०१९ मध्ये अनुप सत्पथी समितीनं देशभरासाठी दिवसाला किमान ३७५ रुपयांची शिफारस केली. सरकारनं त्याच वर्षी तळाचा दर ठरवला १७८ रुपये. दुसरीकडे केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांत मोठ्या शहरातल्या अकुशल सफाई कामगाराचा दर ऑक्टोबर २०२४ पासून दिवसाला ७८३ रुपये झाला.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या मेडशीत रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ साठी दर होता ३१२ रुपये. अकोला-वाशीम रस्त्यावरच्या या गावाचा व्यावसायिक फुटबॉलशी काही संबंध नाही. अख्ख्या वाशीम जिल्ह्यात तसा क्लब नाही. पण मुंबई-पुण्यात गेटवर उभं राहायला आणि झाडू मारायला माणसं येतात ती अशाच भागांतून. गावातल्या ३१२ च्या तुलनेत शहरातले पाचशे मोठे वाटतात. खोलीचं भाडं, प्रवास आणि खानावळ वजा केली की किती उरतात, हे तिथे राहून आलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. महाराष्ट्रातलं किमान वेतनही परिमंडळांनुसार बदलतं. मोठ्या महापालिका वरच्या परिमंडळात, मेडशीसारखी ग्रामपंचायत खालच्या. विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, पण तो महागाईचा पाठलाग करतो. घरभाड्याला गाठत नाही.

पगार कमी दिला तर जबाबदार कोण?

याचं भारतातलं सगळ्यात मोठं उत्तर एका क्रीडास्पर्धेतूनच आलं आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेसाठी स्टेडियम, उड्डाणपूल, हॉटेलं यांची बांधकामं सुरू होती. मजुरांचा किमान दर दिवसाला ९ रुपये २५ पैसे होता. मजूर पुरवणारे जमादार त्यातला एक रुपया कमिशन म्हणून कापून घेत आणि हातात ८ रुपये २५ पैसे ठेवत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेनं सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. न्या. पी. एन. भगवती यांच्या खंडपीठानं सप्टेंबर १९८२ मध्ये निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं म्हणजे कलम २३ मध्ये मनाई असलेली वेठबिगारी आहे. काम ठेकेदारामार्फत करून घेतलं, या सबबीवर सरकारी यंत्रणांना हात झटकता येणार नाहीत, हेही कोर्टानं सांगितलं.

१९७० चा कंत्राटी कामगार कायदाही हेच सांगत होता: ठेकेदारानं पगार बुडवला तर मुख्य मालकानं तो भरायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता लागू झाली. जुना किमान वेतन कायदा ठरावीक यादीतल्या उद्योगांपुरता होता. संहितेनं ही यादीची अट काढली. त्यामुळे 'क्लब यादीत बसत नाही' असं म्हणायची सोय संपली.

इथपर्यंत कायदा किमान वेतनाचा. त्याच्या वरचा पगार देणं क्लबच्या मर्जीवर आहे, आणि मर्जी अनेकदा बक्षिसाच्या रूपात दिसते. आयपीएल २०२४ संपल्यावर बीसीसीआयनं दहा नेहमीच्या मैदानांच्या ग्राउंड्समन आणि क्युरेटरना प्रत्येकी, म्हणजे मैदानामागे, २५ लाख रुपये जाहीर केले. २०२३ च्या आशिया चषकात मोहम्मद सिराजनं सामनावीराची रक्कम कोलंबोच्या ग्राउंड्समनना दिली. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण बक्षीस देणाऱ्याचं नाव होतं, आणि ते पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही. बक्षिसाच्या भरवशावर कुणी खोली भाड्यानं घेत नाही.

पण क्लबच तोट्यात असतील तर?

हा आक्षेप खरा आहे आणि महाराष्ट्राला तो चांगला माहीत आहे. १९६२ पासून चालत आलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुण्याचा भारत एफसी एका हंगामात आटोपला. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजियन्स २०१७ च्या सुमारास संपले, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपनं २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता; डिसेंबर २०२५ मध्ये तो मूळ मालकांकडे सोपवून ग्रुप बाहेर पडला. जगातल्या सर्वांत श्रीमंत फुटबॉल मालकांपैकी एकाला जे जमलं नाही, ते इतरांना कसं जमावं?

पण क्लब तोट्यात का जातात ते पाहिलं पाहिजे. आयएसएलमध्ये काही हंगाम खेळाडूंच्या पगारांवर संघामागे साडेसोळा कोटींची कमाल मर्यादा होती. आता एक काल्पनिक हिशेब करू. क्लबचे ४० कमी पगाराचे कायम कर्मचारी धरा आणि प्रत्येकाला महिन्याला ६,००० रुपये वाढवून द्या. वर्षाचा खर्च २८ लाख ८० हजार. घरच्या १२ सामन्यांना १०० कंत्राटी माणसं धरा आणि प्रत्येकाला दिवसाला ३०० रुपये जास्त द्या. खर्च ३ लाख ६० हजार. दोन्ही मिळून ३२ लाख ४० हजार, म्हणजे त्या मर्यादेच्या दोन टक्क्यांच्या आत. एवढ्यात बरा परदेशी स्ट्रायकरही येत नाही. क्लब बुडतात ते प्रक्षेपणाचं उत्पन्न, फ्रँचायझीचा खर्च आणि रिकामे स्टँड यांमुळे. सफाई कामगाराच्या पगारानं क्लब बुडाल्याचं उदाहरण दाखवणं अवघड आहे.

लीगला पगारावर वरची मर्यादा घालता येत असेल, तर खालची घालायला काय अडचण आहे? परवाना देताना खेळाडू आणि कर्मचाऱ्यांची देणी थकीत नसावीत हे आजही तपासलं जातं. देणं किती असावं आणि ठेकेदाराच्या माणसांचं काय, हे त्यात येत नाही.

बारा दिवसांच्या कामावर जगायचं कसं?

खरी अडचण ही आहे, आणि लिव्हिंग वेजचे समर्थक तिच्यावर फारसं बोलत नाहीत. मॅचच्या दिवसाचा दर दुप्पट केला तरी वर्षाला बारा दिवसांच्या हजेरीवर घर चालत नाही. तो रक्षक दुसऱ्या दिवशी मॉलवर असतो, तिसऱ्या दिवशी लग्नाच्या हॉलवर. मालक रोज वेगळा, माणूस तोच. एका क्लबनं कितीही मन मोठं केलं तरी बाकीच्या दिवसांचं काय?

याचं उत्तर शोधायला इंग्लंडला जायची गरज नाही. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. बाजारात ओझी वाहणाऱ्याला एक मालक नसतो, म्हणून मंडळ काढलं. मालकांनी मंडळात पैसे भरायचे आणि मंडळानं पगार, भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस द्यायचा. १९८१ मध्ये सुरक्षारक्षकांसाठीही राज्यानं असाच कायदा केला आणि सुरक्षा रक्षक मंडळं आली. स्टेडियमच्या गेटवरच्या माणसाला हा साचा जसाच्या तसा लागू पडतो. खासगी एजन्सींना सूट देण्याची वाटही त्याच कायद्यात आहे, आणि ती वाट चांगलीच रुळली आहे.

सगळीकडे हा नियम ताणायचंही कारण नाही. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचा फुटबॉल शाहू स्टेडियमवर हजारो लोक खेचतो. पाणी भरणारा, झेंडे बांधणारा पेठेतलाच असतो आणि त्याला पगार देऊ केला तर तो रागावेल. हौसेनं राबणारा कार्यकर्ता आणि पोटासाठी राबणारा कामगार यांत फरक करावाच लागेल. मात्र तालमीनं रोजंदारीवर माणूस लावला, तर तो कार्यकर्ता राहत नाही.

मागणी कुणाकडे करायची?

फक्त क्लबकडे करून भागत नाही, कारण आपल्याकडे क्लबांची स्वतःची मैदानं जवळजवळ नाहीत. मुंबई सिटीचे सामने होतात ते अंधेरीचं क्रीडा संकुल मुंबई महापालिकेचं आहे. मैदान भाड्यानं देताना करारात एक अट टाकता येते: इथे काम करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो क्लबचा असो वा एजन्सीचा, अमुक दरानं आणि बँक खात्यातच पगार जाईल. अट पाळली नाही तर अनामत रक्कम जप्त. यासाठी नवा कायदा लागत नाही.

हीच गोष्ट फुटबॉल नसलेल्या गावांनाही लागू होते. राज्यात जिल्हा आणि तालुका क्रीडा संकुलं सरकारी पैशांतून उभी राहिली आहेत, वाशीमलाही आहे. अशा ठिकाणी सफाई आणि राखणीचं काम कंत्राटावर दिलं असेल, तर ते कंत्राट सार्वजनिक कागद आहे. माहिती अधिकाराच्या दहा रुपयांच्या अर्जात दोन गोष्टी मागता येतात: ठेकेदाराला माणसामागे महिन्याला किती रक्कम दिली जाते, आणि कामगाराच्या खात्यात त्यातली किती जमा होते.