धान्याचंही परिमाण



२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पुढच्याच आठवड्यात मी तुमसरहून सूर्यफूल तेलाचे पंधरा लिटरचे तीन डबे आणले. घरात माणसं पाच, एक डबा महिनाभर पुरून उरतो! दुकानात माझ्यामागे आमच्या चिखल्याचीच, खाणीत रोजीने जाणारी बाई उभी होती. तिच्या वाट्याला एक लिटरची पिशवी आली, तीही वाढलेल्या भावाने.

आपल्याकडचं बहुतेक सूर्यफूल तेल तेव्हा युक्रेन-रशियातून येत होतं. काळ्या समुद्रातली बंदरं बंद पडली आणि तेलासोबत गहूही अडकला. जगात गव्हाचे भाव चढले, इकडे उन्हाळ्याने पीक घटलं, म्हणून १३ मे ला आपल्या सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. सप्टेंबरात कनकीची. २० जुलै २०२३ ला बासमती सोडून पांढऱ्या तांदळाचीही. आपल्या माणसांसाठी सरकारला हे करावं लागलं असेल. पण सेनेगलसारख्या देशात लोक कनकीचाच भात खातात, त्यांनी काय करावं?

त्या जुलैत आमच्याकडे बांध्यांत धानाची रोवणी चालू होती आणि अमेरिकेतून नणंदेचा फोन आला, "वहिनी, चार दुकानं फिरून तीन थैल्या मिळवल्या." मला हसू आलं, मग माझे डबे आठवले. युद्धाने माल कमी येतो हे खरं. पण जो येतो तोही आपल्यासारख्या भरल्या घरांत आधी जाऊन बसतो, आणि रोज विकत घेऊन खाणाऱ्याला दुप्पट टंचाई भोगावी लागते.

आपल्या परिग्रह-परिमाण व्रतात सोन्याचांदीबरोबर धान्याचंही नाव आहे. आपण तोळे मोजतो, थैल्या मोजत नाही. शिवाय चातुर्मासात साठवलेल्या तांदळात सोंडे होतात. मग ते निवडताना जी हिंसा होते, तिचं मूळ आपल्या भीतीतच ना?

माझा तिसरा डबा शेवटी खवट झाला. दिव्यालाही वापरवेना.

आता मी एका महिन्याचंच भरते. ज्यांच्या घरी किराण्याचं किंवा धान्याचं दुकान आहे, त्यांनी अशा दिवसांत घरच्या पुरुषांनाही एवढं सांगावं: आधी पिशवीवाल्याला द्या, डबेवाला थांबू शकतो.