स्वस्तात रुंद



गेल्या रविवारी लेकीने कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकला. मिशिगनमधल्या त्यांच्या गॅरेजात आमचा नातू, हातात वेल्डिंगचं हँडल, पुढ्यात त्याची जुनी होंडा 400 ईएक्स. ही म्हणजे चार जाड टायरांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली गाडी. तिकडे वाळूच्या टेकड्यांवर पळवतात. पठ्ठ्याने पुढची चाकं दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच बाहेर काढली होती, तीही शंभर डॉलरच्या आत. लगेच अंगठे, टाळ्या. "नातू कुणाचा!" "अस्सल देशी जुगाड!" जावईबापूंनी तर बाजारातल्या तयार भागांची किंमत लिहून वर "वाचवले" असंही लिहिलं.

मी काहीच लिहिलं नाही. ते आज इथे लिहिते आहे.

मी मराठीची बी.ए. शास्त्राशी माझा संबंध जुन्या अकरावीपर्यंतचाच. पण नातवाला प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. तीन रात्री फोनवर त्याच्याकडून सगळं समजून घेतलं. (तो चांगला शिक्षक होईल. असो.)

चाकं रुंद करणं मुळात चूक नाही, हे आधी मान्य करते. अरुंद आणि उंच गाडी वळणावर कलंडते. या गाड्यांना आधी तीनच चाकं असत, अमेरिकेत 1970 पासून. त्यावरून पडून इतकी माणसं, त्यातही मुलं, जायबंदी झाली आणि दगावली, की 1988 मध्ये सरकार आणि कंपन्यांत न्यायालयीन तडजोड होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. म्हणजे पोराची गरज खरी आहे.

माझं भांडण "स्वस्तात" या शब्दाशी आहे. स्वस्तात रुंद करायच्या वाटा मला समजल्या त्या अशा. एक, चाक आणि हबच्या मध्ये धातूची जाड चकती, स्पेसर, घालायची. अर्ध्या तासाचं काम. पण चाक बेअरिंगपासून लांब जातं, त्याच्यावरचा ताण वाढतो आणि दगडावर आपटलं की हँडल हातातून हिसकतं. दुसरी वाट, चाकाला धरून ठेवणारे त्रिकोणी दांडे, ज्यांना ते ए-आर्म म्हणतात, तेच लांब घ्यायचे. हे योग्य. पण मग टाय रॉड लांब हवा, ब्रेकची नळी पुरली पाहिजे, आणि तरफ लांबल्यामुळे जुना शॉकअप मऊ पडतो, त्याची स्प्रिंग कडक हवी. चाकं समांतर आहेत का ते पुन्हा तपासायचं, ते वेगळंच.

आमच्या चिरंजीवांनी तिसरी वाट काढली. कंपनीचे दांडे मधोमध कापले, दोन इंचांचा पाइप घातला, डाग दिला, काळा रंग मारला. फोटोत सुंदर दिसतंय.

त्याला विचारलं, "सांधा आतून किती धरलाय, कसं कळणार?"

म्हणाला, "चालवून बघितलं की कळेल, आजी."

कळेल ना! पण कुठे कळेल? टेकडीवरून उतरताना, सगळं वजन पुढच्या दोन चाकांवर आलेलं असताना. बैलगाडीची चाकाची खीळ निसटली तर माणूस चिखलात बसतो आणि लोक हसतात. इथे हसायला वेळ मिळत नाही.

आणि मिळवलं काय? कागदावर साधा हिशेब केला. चाकांमधलं अंतर 40 इंच आणि स्वारासकट गुरुत्वमध्य 20 इंच उंच धरा (आकडे सोयीचे आहेत, त्याच्या गाडीचे नव्हेत). अशी गाडी 45 अंशांच्या उतारावर कलंडायच्या बेतात येते. अंतर 44 केलं की सुमारे 48 अंश. तेही मागची चाकं तेवढीच रुंद केली तर! या तीन अंशांसाठी घरगुती सांध्यावर जीव टांगायचा?

आपण जुगाडाचं फार कौतुक करतो. फुटक्या बादलीला बूड बसवणं, रेडिओला तारेची एरियल लावणं, हा जुगाड मीही आयुष्यभर केला. पैसे नव्हते म्हणून केला. त्याचा अभिमान कसला बाळगायचा? आणि जिथे तुटलं की माणूस पडतो, तिथे तो कधीच केला नाही. गच्चीच्या कठड्याला मी सुतळी बांधली नव्हती. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी त्या गाडीवर कोण बसणार आहे? नाशकातून अंगठा दाखवायला काय जातं?

काटकसर करायचीच तर जागा आहेत. त्याच गाडीसाठी तयार केलेले लांब दांडे वापरलेले मिळतात, बॉल जॉइंट हलवून बघून घ्यावेत. बसवायची मजुरी वाचते, कारण हात त्याचेच आहेत आणि चांगले आहेत. चकचकीत रिम पुढच्या वर्षी. रंग तर नकोच, रंगाखाली तडा दिसत नाही.

"फरकाचे पैसे मी देते" म्हटलं तर म्हणाला, "आजी, मग ते बजेट कसलं?" मी म्हटलं, तुझ्या बजेटात तुझी हाडं धरली आहेस का? त्यावर फोन ठेवला त्याने.

काल लेकीचा निरोप आला. गाडी स्टँडवर चढवली आहे, पुढची चाकं काढलेली, कापलेले दांडे कोपऱ्यात. जावईबापू माझ्याशी बोलत नाहीत. नातवाने जुन्या दांड्यांच्या एका जाहिरातीचा दुवा पाठवला आहे, सोबत एक अक्षर नाही. मी तो तीनदा उघडून पाहिला.

ज्यांना माझा राग आला असेल त्यांनी इथेच खाली लिहावं. ग्रुपवर नको.