ब्लँक रीडिंग

"रेमडेसिव्हिरनेच वाचले हो मामा!" हे वाक्य आमच्याकडे दर गणपतीत ऐकायला मिळतं. एप्रिल २०२१ मध्ये ते इंजेक्शन शोधत बाबा दोन दिवस मोटरसायकलवर हिंडत होते. मी तेव्हा दहावीत. परवा मेसमध्ये हे सांगितलं तर रूम पार्टनर म्हणाला, "मग? औषध दिलं, माणूस बरा झाला. आणखी काय पुरावा पाहिजे तुला?"

मित्रहो, माझं भांडण इथेच आहे! फर्स्ट इयरला केमिस्ट्री लॅबमध्ये आपण ब्लँक रीडिंग घेतो (खरं म्हणजे शेजारच्याचं उतरवतो). ते नसेल तर सॅम्पलमुळे किती फरक पडला, हे कळतच नाही. कोरोनाचे बहुतेक पेशंट तसेही बरे होत होते. मग औषधाचा वाटा किती?

हे ब्लँक नीट घेतलं ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीने. ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी ती मार्च २०२० मध्ये सुरू केली. कोणाला कुठलं औषध, हे डॉक्टर नव्हे तर कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचा. जगभर गाजलेलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांपैकी २८ दिवसांत २७ टक्के दगावले, न घेणाऱ्यांपैकी २५. म्हणजे उपयोग शून्य! आणि डेक्सामेथासोन, जुनं, स्वस्त स्टेरॉइड? व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ वर आले. ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा नाही. चिठ्ठ्या टाकल्या नसत्या तर हा फरक कोणाला दिसला असता?

आपल्याकडेही आयसीएमआरने ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर प्लाझ्मा तपासला. फायदा नाही, हा निकाल २०२० मध्येच आला. तरी 'प्लाझ्मा अर्जंट पाहिजे'चे मेसेज पुढच्या एप्रिलमध्येही फिरतच होते.

पार्टनर म्हणतो, माणूस मरत असताना चिठ्ठ्या टाकणं क्रूरपणा आहे. पण बाबा, कुठली चिठ्ठी चांगली हे कोणालाच माहीत नसताना अंदाजाने औषधं देत सुटणं, ही काय दया?

रेमडेसिव्हिरने मृत्यूंत फारसा फरक पडत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत ऑक्टोबर २०२० मध्ये दिसलं होतं. २०२२ च्या अंतिम निकालात, ऑक्सिजनवर असलेल्या पण व्हेंटिलेटरवर नसलेल्यांना थोडा फायदा आढळला. मामा त्यातलेच. त्यांची फाईल मी मुद्दाम काढून पाहिली. त्यात डेक्साही आहे. ते खालच्या मेडिकलमध्येच मिळालं होतं, म्हणून कोणाच्या लक्षातही नाही.

मामा कशाने वाचले? मला नाही सांगता येणार. गणपतीत हे बोललो तर आई रागावते, तो भाग वेगळा.